परसातली चार अंजिरं

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा चौदा वर्षांची होते. माहेर बेंबळीचं. सासरचं गाव नळदुर्गाहून अक्कलकोटाकडं जाणाऱ्या वाटेवर, निजामाच्या मोगलाईची हद्द जिथं संपायची तिथं. गावाबाहेर ओढ्यापाशी करोडगिरीचा नाका होता. पलीकडून येणारी प्रत्येक गाडी तिथं थांबवून आतला माल बघायचे. लढाईचे दिवस होते. घासलेट मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, आणि आमच्या घरात बोलायला माणूस मिळत नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि माझ्या सासूबाई. यांचं पेठेत कापडाचं लहानसं दुकान. सकाळी जायचे ते जेवायच्या वेळेलाच दिसायचे. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. त्या आळंदच्या बाजूच्या, कानडी बोलत वाढलेल्या. मराठी चांगलं यायचं, पण मोजून बोलायच्या. अंजिराला मात्र शेवटपर्यंत अंजूर म्हणाल्या.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला परसात नेलं. मला वाटलं, आड दाखवतील, सरपण कुठं रचलंय ते सांगतील. त्यांनी मला एका झाडापुढं उभं केलं. माणसापेक्षा हातभर उंच, राखाडी खोडाचं, पंजासारख्या खरखरीत पानांचं झाड.

"माझ्या आईच्या घरची काडी हाय ही," त्या म्हणाल्या. "हिला मी बघते. तू हात लावू नको."

एवढंच. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, झाडाचं एवढं कौतुक, आता सुनेचं कसं होतंय बघू.

दुसऱ्या वर्षी चैत्रात सास्तूरला दिलेल्या माझ्या नणंदेचं बाळंतपण आलं आणि आत्याबाई महिनाभर तिकडं गेल्या. झाडावर तेव्हा फळं भरली होती. अंजिराला दोन बहार असतात, एक पावसाळ्यातला आंबट आणि दुसरा उन्हाळ्यातला गोड. हा गोड बहार. त्या आल्या की खूश होतील म्हणून मी आडातून घागरी ओढून ओढून रोज झाडाला आळंभर पाणी घातलं. आठ दिवसांत फळं टम्म फुगली. मला केवढा आनंद! मग एका सकाळी पाहते तर निम्मी फळं उभी तडकलेली, आतला गर बाहेर, त्यावर मुंग्या आणि गांधीलमाशा. दोन दिवसांत सगळी आंबली. वास पार स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

आत्याबाई परतल्या, तेव्हा मी परसाच्या दारात रडत उभी होते. त्यांनी झाडाखालची माती चिमटीत घेऊन बघितली, एक तडकलेलं फळ उचललं, हुंगलं आणि टाकून दिलं.

"किती पाणी घातलंस?"

"रोज चार घागरी."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. तुमी खूश व्हाल म्हणून."

त्यांनी हात पदराला पुसला. मला वाटलं, आता माहेरी धाडतील. पण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हिकडं ये. फळ पिकायला लागलं की पाणी तोडायचं. त्याला तहान लागू द्यायची. मग ते गोड हुतंय." मग त्यांनी माझा हात धरून एका फांदीवर ठेवला आणि डोळा कुठं असतो, फळ कुठं धरतं, ते बोटानं दाखवलं. हात लावू नको म्हणणं त्या दिवसापासून संपलं. आज विचार केला की वाटतं, त्या घरची सून मी लग्नाच्या दिवशी झाले नाही, त्या दिवशी झाले.

पुढच्या थंडीत सोलापुरात यांच्या मावसभावाचं लग्न होतं. त्यांच्या अंगणात पुण्याकडच्या अंजिराचं झाड होतं, जांभळट सालीचं. मी काड्या मागून घेतल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, पाच. ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बैलगाडीत बसले.

नाक्यावर गाडी थांबली. तिथं नवीन मुन्शी आले होते. सडपातळ, काळी शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी. यांनी लग्नातल्या आहेराच्या कापडांची गाठोडी सोडून दाखवली. मुन्शींचं लक्ष माझ्या मांडीकडं.

"ये क्या है?"

हे घाईनं म्हणाले, "काही नाही साहेब, काड्या आहेत."

"काड्या फडक्यात गुंडाळून कोण आणतं? खोला."

मी फडकं सोडलं. मुन्शींनी एक काडी उचलली, तोडलेल्या टोकाला वाळलेला चीक नखानं खरवडला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "अंजीर? अरे, पण ही अशी उलटीसुलटी का बांधली? सगळी डोकी एका बाजूला पाहिजेत. लावताना कळणार कसं, वर कुठलं न् खाली कुठलं?" ते स्वतः खाली बसले. काड्यांचे डोळे बघून त्यांनी पाचही सरळ लावल्या, खालच्या टोकांना ओली माती फासली आणि पुन्हा फडक्यात बांधून दिल्या. म्हणाले, आम्ही दौलताबादचे. आमच्या घरात पोरं चालायला लागायच्या आधी अंजीर खातात.

आमच्या परसाच्या मागं एक रिकामं घर होतं. पुढच्या आठवड्यात मुन्शी तिथं बायकोला घेऊन राहायला आले.

आमचं परस आणि त्यांचं अंगण यांच्यामध्ये दगडमातीची भिंत होती, माणसापेक्षा उंच. मुन्शींची बीबी पडद्यातली, ती उंबऱ्याबाहेर येत नसे. आत्याबाई शिवभक्तीच्या, गळ्यात लिंग; त्या कुणाच्याच घरी जात नसत, तर मुसलमानाच्या घरी कुठल्या जाणार? तरी महिन्याभरात दोघींची ओळख झाली, ती आवाजानं.

एका दुपारी मी आणि आत्याबाई सोलापूरच्या काड्यांना पाणी घालत होतो. पाचांतल्या दोनच जगल्या होत्या, आणि पुढं त्यांतल्या एकीचंच झाड झालं. भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला, जरा घोगरा, "अम्मा, ओ अम्मा! काड्यांकू धूप में नक्को रखो. सावली में रखो."

आत्याबाई दचकल्या. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "सावलीतच हायत."

"तो हौ. मेरे कू पानी का आवाज आया ना, समझी धूप में डालरे."

आत्याबाईंना हिंदुस्थानी फारसं कळत नव्हतं आणि बीबीला कानडी काहीच नाही. दोघी आपापल्या भाषेत मराठी मिसळून बोलायच्या. पण बोलणं असायचं ते झाडांचंच, त्यामुळं अडायचं नाही. भिंतीच्या वरच्या एका दगडावर टोपली ठेवायची, पलीकडून हात येऊन ती घ्यायचा. मला तेवढा हातच दिसायचा, हिरव्या बांगड्यांचा. आमच्याकडून जुन्या झाडाची फळं जायची, छोटी, तपकिरी, बियांनी कचकचणारी. त्यांच्या अंगणातल्या बोरांची टोपली प्रथम आली तेव्हा मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या घेतील का नाही, मला कळेना.

"बघतीस काय?" त्या म्हणाल्या. "झाडावरचं फळ हाय. त्याला काय हुतंय?"

आणि उभ्याउभ्याच त्यांनी एक खाल्लं.

मुन्शी आपल्या गावी गेले तेव्हा दौलताबादची काडी घेऊन आले. ते आमचं तिसरं झाड. चौथ्याची गोष्ट जरा वेगळी. बीबीचे वडील हजला गेले होते. तिकडून येताना त्यांनी ओल्या गोणपाटात अंजिराची काडी आणली होती. बीबीनं ती जुन्या रांजणात जगवली होती आणि प्रत्येक बदलीच्या गावी गाडीत घालून नेली होती. त्या वर्षी रांजण तडकला.

"अम्मा, इसकू तुमारे यहाँ जमीन में लगा लेव," भिंतीपलीकडून ती म्हणाली. "हमारा क्या, आज यहाँ, कल वहाँ. इसके पाँव तो एक जगह टिकेंगे."

आम्ही ते झाड आडाजवळ लावलं. जमिनीत जाताच ते जोमानं वाढलं, तीन वर्षांत सगळ्यांत मोठं झालं. पण फळ टिकेना. सुपारीएवढं व्हायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. सकाळी झाडाखाली सडा. आत्याबाईंनी राख घातली, शेणखत घातलं, मुळ्या उकरून ऊन दिलं. काही फरक नाही. मग बीबीला वडिलांचं एक बोलणं आठवलं, की त्या मुलखात लोक रानटी अंजिराच्या माळा करून झाडावर टांगतात. त्यातून बारीक माश्या निघतात आणि त्या माश्या फिरल्या की फळ टिकतं.

आमच्याकडं रानटी अंजीर कुठलं? पण ओढ्याकाठी उंबर होता. आत्याबाई म्हणाल्या, उंबर काय, अंजूर काय, एकाच घरचे. मी फडकंभर उंबरं गोळा करून आणली. सुईदोऱ्यानं माळा ओवल्या, अर्ध्या मी, अर्ध्या भिंतीपलीकडं बीबीनं. आणि झाडाला नवरदेवासारखं सजवलं. हे दुपारी जेवायला आले आणि दारातच थांबले.

"आज काय लगीन हाय का याचं?"

आत्याबाई हसल्या. त्यांना हसताना मी क्वचित पाहिलं होतं. भिंतीपलीकडंही कुणीतरी खुदखुदत होतं. चिलटं पुष्कळ निघाली, पाखरांची चैन झाली, आणि फळं होती तशीच गळली. आमच्या उंबराच्या माश्यांचं आणि त्या झाडाचं जमत नसावं. आम्ही दुसऱ्या वर्षी पुन्हा करून पाहिलं, मग सोडून दिलं. तोडायचं का, असं यांनी विचारलं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पाहुणं हाय ते. ऱ्हाऊ दे. सावली तर देतंय."

मग ते वर्ष आलं. रझाकारांच्या बातम्या आधी लांबून यायच्या, मग जवळच्या गावांतून यायला लागल्या. वैशाखात एका दिवसात यांनी ठरवलं की हद्दीपलीकडं जायचं. सोलापूरच्या नातलगांनी जागा देऊ केली होती. आम्ही कपडे, भांडी आणि देव गाडीत घातले. फळांचा बहार नुकताच संपला होता, जमीन भेगाळलेली. आत्याबाई परसात गेल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"बीबी, आमी चाललो."

पलीकडं घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "मालूम है, अम्मा. झाडांकी फिकिर नक्को करो."

नाक्यावर मुन्शीच होते. त्यांनी गाडीकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं, आणि काही न उघडता आडवा बांबू वर केला.

सोलापुरात आम्ही एका खोलीत चार महिने काढले. आत्याबाई तिथं रोज आभाळाकडं बघायच्या. पाऊस लांबला की म्हणायच्या, गेली आता झाडं. भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर मोगलाईत शिरलं आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. लोक आपापल्या गावी परतायला लागले. आम्हीही आठवडाभरात निघालो.

नाक्यावर कुणी नव्हतं. बांबू मोडून पडला होता. गावात काही घरं जळली होती, आणि ती कुणाची, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. आधी एका बाजूनं झालं होतं, आता दुसऱ्या बाजूनं होत होतं. त्या दिवसांत आसपास जे झालं ते मी ऐकलं आहे, पण सांगायला जीभ उचलत नाही.

आमचं घर शाबूत होतं. आत्याबाई तडक परसात गेल्या. चारही झाडं हिरवीगार. भिंतीच्या पायाशी एक दगड काढलेला, आणि तिथून आमच्या झाडांच्या आळ्यांपर्यंत पाण्याची नाली खोदलेली. बीबीनं उन्हाळाभर आपल्या न्हाणीचं पाणी भिंतीखालून आमच्या झाडांना सोडलं होतं.

"बीबी!" आत्याबाईंनी हाक मारली. उत्तर नाही. हे बाहेरून बघून आले. म्हणाले, दाराला कुलूप आहे, गेले असतील.

आत्याबाई हलल्या नाहीत. नालीच्या भोकापाशी वाकून त्यांनी पुन्हा हाक मारली, हळू. आणि आतून तसाच हळू, घोगरा आवाज आला.

"अम्मा?"

घर रिकामं दिसावं म्हणून नाक्यावरच्या शिपायानं त्यांना आत घालून बाहेरून कुलूप लावलं होतं. दोन दिवस तो भाकरी देऊन गेला, मग घाबरून आलाच नाही. मुन्शी, बीबी आणि त्यांची वर्षाची मुलगी, तिघं तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीवर होते.

आत्याबाईंनी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "आई, गावात कळलं तर?"

"दगड काढ," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनी भोकापासून वर दगड काढत नेले, एक माणूस वाकून येईल एवढे. आधी मुलगी आली, मी तिला घेतलं. मग बीबी. मातीनं माखलेली, डोळे खोल गेलेले, माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी. इतकी वर्षं त्या घोगऱ्या आवाजावरून मी तिला चांगली जाडजूड, पोक्त बाई समजत होते. आत्याबाईही बघतच राहिल्या.

"अगं, तू तर पोर हाईस!"

बीबी रडता रडता म्हणाली, "और मैं समझी, तुम बहुत ऊँचे होंगे, अम्मा." आत्याबाई तिच्या खांद्याला लागत होत्या.

धान्याच्या कोठीमागच्या खोलीत ती तिघं नऊ दिवस राहिली. स्वयंपाकघरात आत्याबाई एरवी मलासुद्धा अंघोळीशिवाय येऊ देत नसत. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर चुलीपुढं बीबी भाकरी थापत होती आणि आत्याबाई शेजारी बसून तिच्या लेकीला भरवत होत्या. मी आणखी पीठ आणून परातीशेजारी ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी चार-पाच माणसं दारात आली. गावातलीच, तोंडओळखीची. हे दुकानात गेले होते. मुन्शी कुठं गेले, माहीत आहे का, असं ती विचारत होती. तेवढ्यात आतून मुलगी रडली. एकानं आत बघितलं.

"पोर कुणाचं रडतंय?"

आत्याबाई सुपात धान्य निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"माझ्या लेकीचं. सास्तूरची लेक आलीया. बाळाला ताप हाय, गोवर दिसतोय. बघता का?"

गोवर म्हटल्यावर माणसं मागं सरकली. जाताना एकजण म्हणाला, जपा, अम्मा. त्या "व्हय" म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या. माणसं दिसेनाशी झाल्यावर मी पाहिलं, सुपातले खडे आणि ज्वारी त्यांनी परत एकत्र केली होती. त्यांचे हात थांबत नव्हते. संध्याकाळी त्या पूजेला फार वेळ बसल्या. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

गाव निवळलं तसं लष्कराच्या एका ट्रकमधून त्या तिघांना सोलापूरला आणि तिथून पुढं दौलताबादला पाठवायची सोय यांनी केली. जायच्या सकाळी आत्याबाईंनी सगळ्या झाडांच्या काड्या काढल्या. काड्या काढायचा तो हंगाम नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. बीबीनं त्या ओढणीच्या टोकात बांधल्या. आत्याबाईंनी तिची गाठ सोडून काड्यांची डोकी एका बाजूला आहेत ना ते तपासलं आणि परत बांधली. मग दोघी झाडांपाशी जरा उभ्या राहिल्या. ट्रकवाला हाका मारत होता.

पत्र आलं ते पुढच्या वर्षी, उर्दूत. हे उर्दू शाळेत शिकलेले, त्यांनी वाचून दाखवलं. मुन्शींनी नोकरी सोडली, भावाच्या मळ्यात आहेत, सगळे खुशाल. नेलेल्या काड्यांतली एकच जगली, ती कुठल्या झाडाची ते फळ आल्याशिवाय कळणार नाही. मुलगी बोलायला लागली आहे.

आत्याबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. तोवर त्यांची नजर अधू झाली होती. मी दौत-टाक घेऊन बसले, कारण उत्तर मराठीतच द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तिथं कुणीतरी वाचून दाखवील म्हणाल्या.

"काय लिहू?"

त्यांनी आलेल्या पत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"लिही, पोरीला गोवर टोचून घ्या म्हणावं."

"गोवराची टोचणी नसती, आत्याबाई. देवीची असती."

"मग देवीची लिही. आनी लिही, झाडं बरी हायत. आनी..." त्या थांबल्या. "तिला म्हणावं, पोरीला एकदा घेऊन ये. मी तिला माझी नात म्हनून सांगितलंय गावात. लोक विचारत्यात."

मी तसंच लिहिलं आणि कागद वाळायला उन्हात ठेवला.